ताबा कोणाकडे?

आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या पाठीवर एक पांढरी चिकटपट्टी आहे. तिच्यावर सुबक अक्षरांत लिहिलंय, ‘घर/देव/१’. गणपतीच्या पाटाखाली ‘घर/देव/२’ आहे. घरी आलेली माणसं नमस्काराला वाकतात, मधेच थबकतात आणि माझ्याकडे बघतात. मी त्यांना सांगते की हे माझं काम नव्हे, आमच्या कुंदावन्संचं आहे आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी एकदा घालून पाहिला होता. म्हटलं, वन्सं, पहिला मान गणपतीचा असतो हो. त्या म्हणाल्या, ‘‘मान वेगळा, नोंद वेगळी. बाळकृष्ण आजीबरोबर घरात आला. गणपती नंतर रावपुऱ्यातून आणला. नोंद आल्याच्या क्रमाने होते.’’ गणपतीने काही हरकत घेतली नाही, तेव्हा मीही गप्प बसले.

देवांपासून सुरुवात झाली आणि मग घरातली कुठलीच वस्तू सुटली नाही. फ्रिज, मिक्सर, ह्यांची स्कूटर, माझं शिलाई मशीन, दाराआडची मोडकी छत्री. मोडक्या छत्रीला नंबर कशाला असं विचारलं, तर ती मोडकी आहे हेसुद्धा कुठेतरी लिहिलेलं असायला हवं असं उत्तर मिळालं. माझा निळ्या काठाचा चहाचा कप आहे, त्याच्याही बुडाला पट्टी होती. रोजच्या धुण्याने ती सुटायची आणि वन्सं न कंटाळता नवी लावायच्या.

कुंदावन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, चार्टर्ड अकाउंटंट झाल्या, आणि बडोद्यात वासण्याच्या आमच्या घरात आमच्याबरोबर राहतात. ‘आमच्याबरोबर’ हा शब्द त्यांच्यासमोर वापरायची सोय नाही. कोण कोणाबरोबर राहतं, हे त्या कागदोपत्री तपासून सांगतील. उंच बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ती पेन्सिल मी त्यांच्या अंबाड्यात माझ्या लग्नाच्या फोटोतही दाखवू शकते.

त्यांच्या आजोबांची उभी हयात बडोद्याच्या संस्थानी खजिन्यात गेली. हिशेब रक्तातच आहे, असं सासूबाई कौतुकाने म्हणायच्या. वन्सं एका रसायनांच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होत्या. मग मोबाइल फोन आले. ते साबणाच्या वडीएवढे जाड असायचे आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडायचे, तो काळ. बडोद्यातच दोघा भावांनी मिळून एक मोबाइल कंपनी काढली, अलकापुरीत ऑफिस घेतलं आणि वन्संना बोलावलं. हे तेव्हा कोयलीच्या रिफायनरीत होते. तिथे पाइपातून काय वाहतं ते हात लावला की कळतं, निदान चटका तरी बसतो. हे म्हणाले, ‘‘ताई, हा हवेतला धंदा आहे. विकतात काय, तर हॅलो.’’ वन्संनी राजीनामा दिला आणि हॅलो विकणाऱ्यांचे हिशेब लिहायला गेल्या.

तिथला हिशेब विभाग त्यांनी शून्यातून उभा केला. नव्याने बी.कॉम. झालेली सात-आठ मुलं घेतली. फाल्गुनी शहा, इम्तियाज, प्रसाद गुप्ते ही त्यातली आमच्या घरी फार येणारी. पहिल्या दिवशी त्यांना एकच नियम शिकवला, ‘हात लावल्याशिवाय लिहायचं नाही.’ टॉवर लिहायचा तर गच्चीवर चढा. बॅटरी लिहायची तर झाकण उघडा. फाल्गुनी आली तेव्हा तिला उंचीची भीती वाटायची. वर्षभरात ती पोरगी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून टॉवरवाल्या गच्च्यांवर अशी चढायला लागली, की तिच्या आईने माझ्याकडे तक्रार केली. वन्सं त्या मुलांना भरपूर बोलायच्या आणि रविवारी घरी बोलावून शेवउसळ खाऊ घालायच्या. मुलं त्यांना ‘बेन’ म्हणायची. आमच्या ओट्याजवळ उभं राहून, हातात वाट्या घेऊन ती घसारा आणि तारणावर भांडायची. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण घर भरल्यासारखं वाटायचं.

काही वर्षांनी दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीने ही बडोद्याची कंपनी विकत घेतली. हॉटेलात समारंभ झाला, हार घातले गेले, आणि दोन्ही बाजूंच्या साहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं की हे दोन समान कंपन्यांचं मीलन आहे, मर्जर आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी हात वर केला. साहेबांना वाटलं चहाबद्दल काही असेल, म्हणून माइक दिला. वन्संनी विचारलं, ‘‘ताबा कोणाकडे?’’

तेव्हापासून हे वाक्य आमच्या घरात राहायला आलं. संध्याकाळी टीव्हीवरून माझ्या मुलांची भांडणं झाली की वन्सं स्वयंपाकघरातून विचारायच्या, ‘‘रिमोटचा ताबा कोणाकडे?’’ सोसायटीच्या गरब्याची कमिटी बदलली की तोच प्रश्न. जगाचा इतिहासही त्यांनी याच एका प्रश्नावर पुन्हा मांडून घेतला. संस्थान भारतात विलीन झालं असं कोणी म्हणालं की त्या लगेच म्हणायच्या, ‘‘विलीन कसलं? आजोबांच्या खजिन्याच्या किल्ल्या कोणाकडे गेल्या? मग ते अधिग्रहण.’’ साठ साली मुंबई राज्यातून गुजरात वेगळं झालं, त्याला मात्र त्या उदारपणे डीमर्जर म्हणतात.

त्या सुमारास मी त्यांना एकदा विचारलं, की एवढं काय असतं हो त्यात. एकाने विकली, दुसऱ्याने घेतली, पैसे दिले, संपलं. वन्संनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. त्यांनी पेन्सिल काढली की मी गॅस बारीक करते. त्या म्हणाल्या, समज, कोपऱ्यावरची शेवउसळची गाडी तू विकत घेतलीस. तर आधी एकेक वस्तू लिही. गाडी, शेगडी, पातेली, वाट्या. त्याने काय भावाने घेतल्या होत्या ते विसर, तू ताबा घेतलास त्या दिवशी त्यांचा भाव काय तो लिही. सगळ्याची बेरीज कर. बेरीज कितीही झाली तरी तू त्याला त्याहून जास्तच दिले असणार. का दिलेस, तर संध्याकाळी तिथे रांग लागते म्हणून. हे जे वर उरतं, ते गुडविल. आणि वस्तू म्हणून काय लिहायचं याची कसोटी एकच, ती तुझ्या ताब्यात हवी. मी म्हटलं, म्हणजे टॉवर म्हणजे पातेली. त्या खूश झाल्या. माझ्या आयुष्यात त्यांनी मला हुशार म्हटल्याचा तो एकच प्रसंग.

त्या भरात त्यांनी माझ्या लग्नाचाही हिशेब मांडला. लग्नाला वीसेक वर्षं झाली असतील. पत्रिकेत ‘दोन कुटुंबांचं मीलन’ छापलं होतं ते साफ चूक आहे, असं त्यांनी रविवारच्या जेवणात जाहीर केलं. मी माहेर सोडून आले, आडनाव बदललं, स्वयंपाकघराच्या किल्ल्या सासूबाईंकडे होत्या, तेव्हा हे सरळ अधिग्रहण. हे आमटी ओरपत राहिले. मी जरा चिडून विचारलं, ‘‘मग मला काय भावाने लिहिलंत?’’

‘‘तुला नाही लिहिलं,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘माणसांची नोंद होत नाही. तुझ्याबरोबर शिलाई मशीन आलं, ते लिहिलंय.’’

मी त्या दिवशी ताक वाढलं नाही. या घरात मशीनची नोंद आहे आणि मी कुठेच नाही, हे मला चांगलंच लागलं. पुढे कितीतरी दिवस मी मशीनवर बसले की ती पट्टी माझ्याकडे बघायची.

दिल्लीवाल्यांनी कंपनी घेतल्यावर तिच्याकडे काय काय आहे याची यादी करायची होती आणि ती वन्संच्या सहीने दिल्लीला जायची होती. गावोगावच्या गच्च्यांवर टॉवर होते. मुलं नंबरांच्या पट्ट्या घेऊन सगळीकडे फिरली. ही पट्ट्यांची पद्धत वन्संनी आधी घरी करून पाहिली होती, आमच्या देवांना नंबर मिळाले ते तेव्हाच. पट्ट्यांचं ते भेंडोळं त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणलं होतं. ऑफिसची पट्टी घरच्या देवाला लावणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

यादी दिल्लीला गेली, तिथल्या जाणकारांनी भाव लावले, साहेबांनी पसंत केली. आणि एका सकाळी पाणीगेटचे कांतीभाई ऑफिसात आले. त्यांच्या घराच्या गच्चीवर कंपनीचा टॉवर होता. कांतीभाई शांत माणूस. वन्संच्या समोर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘‘बेन, हिंचको तो मारा बापानो छे.’’

झालं होतं असं, की टॉवरशेजारी कांतीभाईंच्या वडिलांचा लोखंडी झोपाळा, म्हणजे तो हिंचको, होता. टॉवरची देखभाल करणारे लोक वर्षानुवर्षं त्यावर बसून डबा खायचे. प्रसाद तपासणीला गेला तेव्हा कंपनीची माणसं झोपाळ्यावर, कंपनीची हत्यारं झोपाळ्यावर, कंपनीची वायरही झोपाळ्याच्या दांडीला गुंडाळलेली. प्रसादने नियमाप्रमाणे हात लावला आणि पट्टी चिकटवली. यादीत लिहिलं, ‘लोखंडी सांगाडा, हलता.’ दिल्लीच्या जाणकारांनी हलत्या सांगाड्याला दूरसंचाराचं काहीतरी उपकरण समजून भरघोस भाव लावला. इतका, की तेवढ्या पैशांत कांतीभाईंनी अख्खी गच्ची पुन्हा बांधली असती.

ऑफिसात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. वन्सं हसल्या नाहीत. त्या स्वतः पाणीगेटला गेल्या, गच्ची चढल्या, नखाने पट्टी खरवडून काढली आणि कांतीभाईंच्या आग्रहाने घटकाभर झोपाळ्यावर बसून चहा प्यायल्या. दिल्लीहून निरोप आला की एवढ्याशा झोपाळ्यासाठी सगळी बेरीज पुन्हा करायला नको, राहू द्या. वन्संनी बेरीज पुन्हा करायला लावली. आणि मुलांना समोर बसवून सांगितलं, ‘‘आपली माणसं तिथे बसत होती, ती त्याने बसू दिलं म्हणून. वापरतो म्हणून आपलं होत नाही.’’ तेव्हापासून कोणी दुसऱ्याची वस्तू हक्काने घ्यायला लागलं की आमच्या घरात त्याला ‘कांतीभाईंचा झोपाळा’ म्हणतात.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं तसं नव्हतं.

दिल्लीचे साहेब यादीची शेवटची बैठक घ्यायला बडोद्याला आले. वन्संबरोबर फाल्गुनी होती, तिनेच संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात मला सगळं सांगितलं. साहेबांची अडचण ही, की गुडविल फार मोठं दिसत होतं. ते थोड्या वर्षांत खर्ची टाकावं लागणार, म्हणजे नफा तेवढा खाली येणार. तेव्हा त्यातला मोठा तुकडा काढून दुसऱ्या एखाद्या नावाने लिहायचा, म्हणजे तो बरीच वर्षं पुरवता येईल, असा त्यांचा विचार होता. नाव त्यांनी शोधलं होतं, ‘प्रशिक्षित कर्मचारी’. वन्संची मुलं.

आणि त्यात एक गोम होती. दिल्लीला हिशेबाचा मोठा विभाग होताच, त्यामुळे बडोद्याचा विभाग बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली होती. पण एकदा का ही मुलं मोठ्या किमतीची मालमत्ता म्हणून वहीत चढली, की त्यांना हात लावता आला नसता. विभाग मोडला असता तर ऑडिटरने विचारलं असतं की मालमत्ता गेली कुठे. साहेबांनी हे अगदी गोडीने वन्संना समजावून दिलं. ‘‘मॅडम, एक लाइन की तो बात है. आपके बच्चे भी यहीं रहेंगे.’’

फाल्गुनी सांगत होती, की बेननी एकदा काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे इम्तियाज, प्रसाद, सगळे कामं करत असल्याचं नाटक करत होते. मग बेननी पेन्सिल काढली, परत खोचली आणि त्यांच्या त्या बडोदी हिंदीत म्हणाल्या, ‘‘साहेब, ये लोग कल सुबह राजीनामा देंगे तो आप रोक सकते हैं? नहीं ना? फिर ताबा किसके पास है? उनके खुद के पास. जो ताबे में नहीं, वो मैं नहीं लिखूँगी.’’

साहेबांनी सांगून पाहिलं, की मॅडम, विचार करा, एक दिवस घ्या. वन्सं म्हणाल्या की दिवस घेऊन नियम बदलत नाही. यादी त्या ओळीशिवाय गेली. दिल्लीच्याच ऑडिटरांनी पुढे ती जशीच्या तशी मान्य केली, आणि अशी चोख यादी आपण पाहिली नाही असं लेखी कळवलं. आमच्या ह्यांनी ते पत्र रिफायनरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मीही मी शिकवायचे त्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. मला अभिमान वाटला होता आणि अजूनही वाटतो. त्या खोलीत बसलेल्यांपैकी कोणीही ती ओळ लिहिली असती, मीसुद्धा.

पण विभाग बंद झाला. वर्ष संपायच्या आत झाला. प्रसादची आई आमच्याकडे आली होती. माझ्याच ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, ‘‘तुमच्या नणंदेने एक ओळ लिहिली असती तर माझा मुलगा पुण्याला गेला नसता.’’ वन्सं आतल्या खोलीत होत्या, दार उघडं होतं. त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यांनी एकेका मुलासाठी जिवाचं रान केलं. ओळखीच्या, बिनओळखीच्या ठिकाणी फोन केले. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं पटलं नव्हतं अशा लोकांकडे स्वतः जाऊन बसल्या. प्रसादला पुण्यात जागा मिळाली, इम्तियाज मस्कतला गेला, कोणी अहमदाबादला, कोणी सुरतला. फाल्गुनीला दिल्लीवाल्यांनी ठेवून घेतलं, पण दिल्लीला. वन्संनाही बोलावलं होतं, मोठा हुद्दा देऊन. त्या गेल्या नाहीत. थोडे दिवस राहिल्या आणि निवृत्ती घेऊन घरी आल्या, एका पिशवीत कप घेऊन.

ऑफिसात प्रत्येकाचा आपापला कप होता. इम्तियाजचा क्रिकेटच्या चित्राचा, प्रसादचा गणपतीचा, फाल्गुनीचा कान तुटलेला. जाताना मुलं म्हणाली होती, बेन, तमे राखो. स्वयंपाकघरातली सगळ्यात वरची फळी वन्संनी त्या कपांना दिली. माझ्या लोणच्याच्या बरण्या तिथून उठून कपाटावर गेल्या. नेमाने दर रविवारी त्या ते कप खाली काढतात, धुतात, पुसतात आणि परत लावतात. त्यात कोणी चहा पीत नाही. आमची कामवाली कोकिळा एकदा म्हणाली की मोठ्या बेन धुतलेले कप का धुतात. मी म्हटलं, त्यांनाच विचार. तिने विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मी पाहून ठेवली होती. घरात झाऱ्याला नंबर, देवाला नंबर, पण त्या कपांना पट्टी नव्हती. मी विचारलं तर वन्सं म्हणाल्या, ‘‘ते ज्याचे त्याचे आहेत. माझ्याकडे नुसते ठेवलेत.’’

मुलं आधी आधी सुट्टीत यायची. मग लग्नं झाली, मुलंबाळं झाली, येणं कमी झालं. दसऱ्याला फोन येतात. वन्सं त्या दिवशी सकाळपासून फोनच्या आसपास वावरतात आणि फोन आला की कामात असल्यासारखं बोलतात. सगळी मोठमोठ्या जागांवर आहेत. कुणी विचारलं की वन्सं नुसतं ‘बरी आहेत’ म्हणतात. बाकीचं मीच सांगते, कोण कुठे, काय हुद्दा, कितव्या मजल्यावर केबिन. भाव वाढवून सांगते असं हे म्हणतात. सांगते तर सांगते.

गेल्या वर्षी त्या दिल्लीच्या कंपनीलाच आणखी मोठ्या कंपनीने विकत घेतलं. पेपरात ‘मर्जर’ असं छापून आलं. वन्संनी मोठ्याने ‘‘ताबा कोणाकडे?’’ असं विचारलं आणि पेपर घडी घालून ठेवला.

त्यानंतर दोन-चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, त्यांचे कप धुणं चाललं होतं आणि मी पोह्यांचे कांदे चिरत होते. फोन वाजला. हात साबणाचे, म्हणून वन्संनी मला स्पीकर लावायला सांगितलं. फाल्गुनी होती. ती आता त्या कंपनीच्या हिशेबाची प्रमुख आहे. आवाज जरा बसलेला वाटला. तिने फार पाल्हाळ लावलं नाही. विकत घेणाऱ्यांची माणसं आली होती, यादी चालली होती, आणि त्यांनी तीच ओळ पुढे केली होती. तिच्या माणसांची ओळ. लिहिली तर विभाग राहील, नाही तर राहणार नाही.

‘‘में ना पाडी, बेन,’’ ती म्हणाली, म्हणजे तिने नकार दिला होता. ‘‘में कह्युं, माणसो आपणा ताबामां ना होय.’’

 नळ चालूच होता, तो मी बंद केला.

‘‘मारी टीम वेराई जशे,’’ फाल्गुनी म्हणाली. वेराई जशे म्हणजे विखरून जाईल. मग एकदम लहान पोरीसारखी म्हणाली, ‘‘में बराबर कर्युं ने, बेन?’’

वन्संच्या हातात तिचाच तो कानतुटका कप होता. त्या ताठ उभ्या राहिल्या, पूर्वी ऑफिसला निघताना राहायच्या तशा. ‘‘बराबर कर्युं, बेटा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकदम बराबर.’’ आणि मग म्हणाल्या, ‘‘तारो कप अहीं ज छे.’’

कप इथेच आहे म्हटल्यावर पलीकडून रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा, मग फोन बंद झाला. वन्संनी तो कप पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं आता या बाई ही बातमी छापून सोसायटीत वाटणार. पण त्या म्हणाल्या, ‘‘सुमन, तेव्हा ती ओळ लिहिली असती ना, तर ही पोरं इथेच राहिली असती. रविवारी कुणीतरी आलं असतं.’’

मी विचारलं, मग लिहायला हवी होती असं वाटतं का.

‘‘छे. चूक ती चूक,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘पण मला फार आठवण येते गं त्यांची.’’

इतक्या वर्षांत त्यांनी असं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी चहाचं आधण ठेवायला गेले. त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः चहा केला. वन्संचा चहा म्हणजे मापाचा असतो, साखर चमच्याच्या काठापर्यंत. त्या दिवशी आलं किसताना त्यांनी माप पाहिलं नाही. माझ्या निळ्या काठाच्या कपात चहा ओतून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

कप उचलताना बोटांना काहीतरी वेगळं लागलं. मी चहा सांभाळत कप तिरका करून खाली पाहिलं. बुडाला पट्टी नव्हती. नुसता डिंकाचा जुना, मळका चौकोन होता.

‘‘वन्सं, पट्टी निघाली आहे,’’ मी सवयीने म्हटलं.

‘‘निघाली नाही. मी काढली. बरेच दिवस झाले, तुझं लक्ष नसतं,’’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता ओटा पुसत म्हणाल्या, ‘‘मशीनची नोंद आहे ती राहू दे. तू इतकी वर्षं राहिलीस ती आपणहून. चहा झाला की कप वरच्या फळीवर ठेव.’’

मी तो चहा पुरवून पुरवून प्यायले. मग कप विसळला, पुसला, माझा हात पोचत नाही म्हणून स्टूल आणलं, आणि वरच्या फळीवर फाल्गुनीच्या कानतुटक्या कपाशेजारी ठेवला.